एक हंगामी शब्द

फ्रान्स किंवा जर्मनीतल्या साखर कारखान्यांविषयी इंग्रजीत काही वाचायला घेतलं, की एक शब्द हमखास अडवतो. तिकडची साखर उसाची नव्हे, बीटाची. सप्टेंबरच्या सुमारास बीट शेतातून निघू लागतं आणि कारखान्यात ‘कॅम्पेन’ सुरू होतं. जानेवारीच्या आसपास ते संपतं. नवख्या वाचकाला वाटावं, साखर खपवण्यासाठी जाहिरातबाजी चालली असेल. पण जाहिरातीचा इथे काडीचा संबंध नाही. चिमणीतून पहिला धूर निघाल्यापासून यंत्रं धुऊनपुसून बंद होईपर्यंतचा जो काळ, तेच कॅम्पेन. सांगली-कोल्हापूरकडच्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. त्याच्याकडे याला बिनचूक शब्द आहे: गळीत हंगाम.

पोलादवाल्यांकडेही हाच शब्द सापडतो. झोतभट्टी एकदा पेटवली, की आतलं विटांचं अस्तर बदलायला ती विझवावी लागेपर्यंत रात्रंदिवस जळत राहते. हल्लीच्या मोठ्या भट्ट्या १५-२० वर्षं अशा जळतात. त्या सबंध काळाला भट्टीचं एक कॅम्पेन म्हणतात.

आपल्या कानांवर हा शब्द येतो तो वेगळ्या जागी. जाहिरात कंपनीतली मुलं ‘कॅम्पेन लाइव्ह गेलं’ म्हणतात, पुढारी इलेक्शन कॅम्पेनमध्ये गुंतलेले असतात, आरोग्य खातं लसीकरणाचं कॅम्पेन हाती घेतं. हे सगळे अर्थ नंतरचे. साखर आणि पोलादवाल्यांनी ज्या अर्थाने तो जपला आहे, तो मुळाच्या जास्त जवळ आहे असं मला वाटतं. कॅम्पेन हा मुळात हंगामी शब्द आहे. त्याला सुरुवात असते, शेवट असतो, आणि शेवटानंतर घरी परतणं असतं.

मुळाशी लॅटिन ‘कॅम्पुस’ आहे. कॅम्पुस म्हणजे सपाट मोकळी जमीन, मैदान. याची पिलावळ दांडगी. सैन्याचा तळ तो कॅम्प. विद्यापीठाचं आवार तो कॅम्पस. या अर्थाने तो १७७४मध्ये अमेरिकेतल्या प्रिन्स्टनच्या कॉलेजपुढच्या मोकळ्या जागेसाठी वापरला गेला आणि मग जगभर पसरला. मैदानात उतरून लढणारा तो चॅम्पियन. ईशान्य फ्रान्समधल्या एका उघड्या-बोडक्या सपाट प्रदेशाचं नाव पडलं शॅम्पेन, आणि तिथल्या फसफसत्या दारूलाही तेच नाव चिकटलं. जर्मनांनी हा शब्द फार पूर्वी उचलला आणि त्याचा ‘काम्फ’ केला, म्हणजे लढा. तेव्हा पुण्याच्या कॅम्पातून एखादा चॅम्पियन शॅम्पेनची बाटली घेऊन विद्यापीठाच्या कॅम्पसवर गेलाच, तर तो एकाच शब्दाला चारदा शिवून येईल. (पुढे त्याचं काय होईल ते सुरक्षारक्षकाला विचारावं.)

रोममधलं सगळ्यांत नामांकित कॅम्पुस शहराच्या पवित्र वेशीबाहेर होतं: मार्स या युद्धदेवाचं मैदान. वेशीच्या आत हत्यारबंद सैन्याने जमायचं नाही असा दंडक होता, म्हणून कवायत बाहेर, या मैदानात. गंमत अशी, की रोमचे सर्वोच्च अधिकारी, म्हणजे कॉन्सुल, निवडण्यासाठी नागरिकांची जी सभा भरे, तिची रचना सैन्याच्या तुकड्यांसारखी होती. त्यामुळे तीही वेशीच्या आत भरवता येत नसे. मतदान व्हायचं ते याच मैदानात. मतदारांना रांगेने आत सोडायला तिथे जे कुंपण होतं, त्याला रोमन लोक चक्क मेंढवाडा म्हणत. मतं मागणारे लोक आपला झगा खडूने चोळून पांढराशुभ्र करून फिरत. ‘कॅन्डिडेट’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘पांढऱ्या वेषातला’ एवढाच. पांढरे कपडे घालून हात जोडत फिरणारी माणसं आपल्यालाही नवी नाहीत, पण आपला शब्द जास्त प्रामाणिक आहे. उमेदवार म्हणजे उमेद बाळगून असलेला. फारसीतून आला आणि माणसाच्या मनातलं सांगून गेला.

एकाच मैदानात कवायत आणि मतदान! निवडणुकीच्या ‘कॅम्पेन’चा उगम इथेच, असं म्हणण्याचा मोह होतो. तो आवरायला हवा. निवडणुकीचा अर्थ या शब्दाला चिकटला तो १८०० वर्षांनी आणि फार लांबच्या वळणाने. व्युत्पत्तीच्या धंद्यात असे जवळचे रस्ते बहुधा फसवे निघतात.

रोमकडून घ्यायची खरी गोष्ट वेगळी आहे. तिथे लढाईला मोसम होता. मार्च महिन्याचं नावच मार्सवरून पडलं. मार्चमध्ये मार्सचे पुजारी ढाली वाजवत नाचायचे आणि लढाईचे दिवस सुरू व्हायचे. १९ ऑक्टोबरला शस्त्रशुद्धीचा सण असे. तो झाला की ढाली-तलवारी ठेवून द्यायच्या आणि हिवाळा घरी काढायचा. आपल्याकडेही शस्त्रपूजा साधारण याच दिवसांत येते, दसऱ्याला. पण आपण शस्त्रं पुजायचो ती बाहेर काढण्यासाठी, आणि रोमन पुजायचे ती आत ठेवण्यासाठी. हा उलटा खेळ लक्षात ठेवावा, पुढे कामाला येणार आहे.

लॅटिनच्या उतारवयात ‘कॅम्पुस’पासून ‘कॅम्पानिया’ झालं, म्हणजे मोकळा मुलूख. इटालियनमध्ये ते ‘कांपान्या’, फ्रेंचमध्ये ‘कांपान्य’. आजही फ्रेंच माणूस सुट्टीत ‘कांपान्य’ला जातो तेव्हा तो लढायला जात नाही, गावाकडे जातो. पण सैन्याच्या तोंडी या शब्दाला वेगळं वजन आलं. हिवाळ्यात फौजा शहरांत, गावांत, छपराखाली असायच्या. वसंतात गवत उगवलं, रस्त्यांवरचा चिखल वाळला, की त्या ‘मुलखात’ उतरायच्या आणि शरद संपेपर्यंत उघड्यावर राहायच्या. ‘मुलखात असणं’ म्हणजेच लढाईवर असणं, असा अर्थ हळूहळू रुजला. १७व्या शतकाच्या मध्याला इंग्रजांनी हा शब्द फ्रेंचांकडून घेतला, तेव्हा त्याचा अर्थ होता एका मोसमातली लढाई.

या मोसमामागे वीरश्री कमी आणि वैरण जास्त होती. एका घोड्याला दिवसाला १० किलोच्या आसपास सुका चारा-दाणा लागतो. २० हजार घोडे असले तर रोजचे २०० टन झाले, आणि तोफा ओढणारी जनावरं वेगळीच. एवढं सगळं गाडीतून नेणं अशक्य. जनावराने चालता चालता वाटेवरचं गवत खायचं, हाच उपाय. म्हणून गवत नाही तिथे लढाई नाही. १७०४मध्ये इंग्रजांचा सेनापती मार्लबरो मे महिन्यात ऱ्हाईन नदीकडून निघाला आणि १३ ऑगस्टला डॅन्यूबकाठी ब्लेनहाइमला त्याने फ्रेंचांचा धुव्वा उडवला. या विजयावर जोसेफ ॲडिसनने जी दीर्घ कविता लिहिली तिचं नाव ‘द कॅम्पेन’. त्या वेळच्या वाचकाला त्यात फक्त लढाई ऐकू आली नसेल. एक अख्खा उन्हाळा ऐकू आला असेल.

आता आपला उलटा खेळ. युरोपात सैन्य घरी बसवायचा तो हिवाळा, आपल्याकडे पावसाळा. इथे मार्च-एप्रिल हा परतीचा काळ आणि ऑक्टोबर निघण्याचा. दसऱ्यापर्यंत नद्या उतरतात, रानात गवत कमरेएवढं असतं, खरिपाचं पीक हाताशी आलेलं असतं. सीमोल्लंघन हा शब्द आज आपट्याच्या पानांपुरता उरला असला, तरी तेव्हा तो वेळापत्रकाचा भाग होता.

हे वेळापत्रक किती काटेकोर होतं ते कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत सापडतं. १७व्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या या बखरीत शिवाजी महाराजांच्या लष्कराचे नियम दिले आहेत. पाऊस लागताच लष्कराने आपल्या मुलखात छावणीला यायचं. माणसांसाठी आणि घोड्यांसाठी जागा आधीच गवताने शाकारून ठेवायची, दाणा-वैरण-औषधं साठवायची. दसरा झाला की कूच. आठ महिने परमुलखात राहून पोट भरायचं, वैशाखात परत यायचं आणि आणलेल्या वस्तूंचा हिशेब द्यायचा. एखाद्या साखर कारखान्याच्या कार्यकारी संचालकाला हा आराखडा वाचून आपलेपणा वाटेल.

शब्दांची जोडीही बघण्यासारखी आहे. ‘कॅम्प’मध्ये उघडं मैदान आहे, ‘छावणी’मध्ये छप्पर आहे. छावणे म्हणजे शाकारणे. म्हणून जुन्या कागदांत सैन्य ‘छावणी करून’ राहिलं म्हणजे त्याने पावसाळा एका जागी काढला, असं समजायचं. आणि ‘मुलूखगिरी’? शब्दशः मुलूख घेणं. फ्रेंच ‘कांपान्य’ आणि आपला ‘मुलूख’ यांचं रक्ताचं नातं नाही, तरी दोघेही मोकळ्या प्रदेशापासून निघाले आणि घोड्यावर बसून लढाईपाशी पोचले.

संस्कृतात ‘अभियान’ म्हणजे शत्रूच्या दिशेने चाल करून जाणं. आज हा शब्द ऐकला की झाडू, रांगोळी आणि प्रभातफेरी आठवते, पण कौटिल्याच्या अर्थशास्त्रातलं नववं अधिकरण चढाईला निघणाऱ्या राजाविषयी आहे आणि तिथे महिन्यांची नावं दिली आहेत. मार्गशीर्षात निघालं तर शत्रूचं पावसाळी पीक आणि हिवाळ्याची पेरणी बुडवता येते. चैत्रात निघालं तर हिवाळी पीक. म्हणजे तिथेही पंचांग शेतीचंच, फक्त दुसऱ्याच्या शेतीचं.

मोसम चुकला की काय होतं? पानिपताची कारणं पुष्कळ आहेत, पण हे एक सहज विसरलं जातं. सदाशिवरावभाऊ परतूडहून निघाले मार्च १७६०मध्ये, म्हणजे इतर वर्षी फौजा परतीच्या वाटेला लागायच्या त्या सुमाराला. उत्तरेत पोचेपर्यंत पावसाने गाठलं. यमुना दुथडी भरलेली, पलीकडे दुआबात जाता येईना. अब्दालीने पावसाळा गंगेकाठी अनुपशहरला तळ ठोकून काढला, आणि पाणी ओसरू लागताच ऑक्टोबरच्या अखेरीस बागपतपाशी यमुना ओलांडून मराठ्यांच्या आणि दक्षिणेच्या मधे येऊन उभा राहिला. १४ जानेवारी १७६१ला जे झालं त्याची तजवीज पावसाळ्यातच झाली होती.

आणि मोसम मुद्दाम मोडणारा माणूस म्हणजे आर्थर वेलस्ली, पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. त्याचा हिशेब सरळ होता: मराठ्यांचा जोर घोडदळाच्या वेगात आहे आणि भरल्या नदीपुढे घोडा थांबतो. आपल्याकडे नावा असतील तर पूर हा आपला तट होईल. म्हणून त्याने गोल टोपल्यांच्या नावा तयार ठेवल्या आणि १८०३च्या ऐन पावसाळ्यात युद्ध छेडलं. १२ ऑगस्टला अहमदनगरचा किल्ला घेतला, २३ सप्टेंबरला भोकरदनजवळ असईची लढाई जिंकली. सीमोल्लंघनाचा दिवस उजाडायच्या आत निकाल लागला होता. असईच्या आधी केळना नदीपाशी तो अडला होता. वाटाडे सांगत होते, इथे उतार नाही. पण समोरासमोरच्या काठांवर त्याला दोन गावं दिसली. दोन गावं अशी तोंडाला तोंड लावून वसली असतील, तर त्यांच्यात जाणं-येणं असणारच, आणि जाणं-येणं असेल तर उतारही असणारच. उतार निघाला. लष्करी डावपेचांच्या पुस्तकांपेक्षा खेड्याची ही जाण मला जास्त भारी वाटते.

रणांगणावरचा हा शब्द मतपेटीपर्यंत नेला तो मुख्यतः अमेरिकनांनी. १८व्या शतकाच्या अखेरीस कुठल्याही चिकाटीच्या, आखलेल्या प्रयत्नाला इंग्रजीत ‘कॅम्पेन’ म्हणू लागले होते. १९व्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत तो निवडणुकीला लागला. तिथले बरेचसे उमेदवार निवृत्त सेनापतीच असल्यामुळे शब्दाला फार लांब जावं लागलं नाही. १८४०मध्ये विल्यम हेन्री हॅरिसन हे असेच एक माजी सेनापती राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले. त्यांच्या कार्यकर्त्यांनी लाकडी ओंडक्यांच्या झोपड्या गाड्यांवर चढवून मिरवल्या, सफरचंदाची दारू वाटली, आणि पुरुषभर उंचीपेक्षा मोठे गोळे, त्यांवर घोषणा लिहून, गावोगाव ढकलत नेले. हॅरिसन जिंकले आणि पदग्रहणानंतर महिन्याभरात वारले. ते गेले, पण प्रचाराची ती तऱ्हा राहिली.

सोबतचे शब्दही छावणीतूनच आले. ‘स्लोगन’ हा स्कॉटलंडच्या गेलिक भाषेतला शब्द, अर्थ ‘फौजेची आरोळी’. म्हणजे ‘हर हर महादेव’ ज्या जातीचं, त्या जातीचा. ‘रॅली’ म्हणजे पांगलेल्या सैनिकांना पुन्हा एकत्र करणं. ‘स्ट्रॅटेजी’च्या पोटात ग्रीक सेनापती बसला आहे.

यात इंग्रजीला नावं ठेवायची सोय आपल्याला नाही. आपल्या वर्तमानपत्रांत निवडणूक आली की रणशिंग फुंकलं जातं, बालेकिल्ल्याला सुरुंग लागतात, रणधुमाळी माजते, आणि मतदान संपण्याच्या ४८ तास आधी, १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातल्या कलम १२६ प्रमाणे, प्रचाराच्या तोफा थंडावतात. फर्ड्या वक्त्याला आपण मुलूखमैदान तोफ म्हणतो. विजापूरच्या त्या तोफेचं नाव खरं ‘मलिक-इ-मैदान’, मैदानाचा राजा. १५४९मध्ये ती अहमदनगरला ओतली गेली. म्हणजे इथेही मैदान आहेच. मैदानात उतरणं, मैदान मारणं, मैदान सोडून पळणं: कॅम्पुसने युरोपात जे केलं ते मैदानाने मराठीत निम्मंअधिक करून दाखवलं.

मग ‘मोहीम’? या शब्दात मला लहानपणापासून टापा ऐकू येत. मूळ अरबी ‘मुहिम्म’मध्ये मात्र घोडा नाही की तलवार नाही. त्याचा अर्थ फक्त ‘महत्त्वाचं’, ज्याची काळजी वाहावी लागते असं काम. आजचा अरबही रोजच्या बोलण्यात तो याच अर्थाने वापरतो. फारसीतून येता येता ‘महत्त्वाचं राजकारण’, मग ‘स्वारी’ असा तो ठसठशीत झाला. त्याच धातूपासून दुसरा एक शब्द निघाला आणि तोही मराठीत येऊन राहिला: हिंमत. मोहीम आणि हिंमत ही सख्खी भावंडं आहेत, हे कळलं त्या दिवशी मी विनाकारण खूश होतो.

मराठीने मोहिमेच्या अंगावर बरीच कामं टाकली. इंग्रजीत चंद्रावर जातं ते ‘मिशन’, एव्हरेस्टवर जातं ते ‘एक्स्पिडिशन’ आणि डासांविरुद्ध चालतं ते ‘कॅम्पेन’. आपल्याकडे तिन्ही मोहिमा. तरी एका ठिकाणी मराठी कान अगदी तिखट आहे. संयुक्त महाराष्ट्राची आपण चळवळ म्हणतो. मोहीम कोणी म्हणत नाही, म्हटलं तर खटकेल. मोहीम आखता येते, तिला प्रमुख असतो, तारीख असते, ती फत्ते होते किंवा फसते. चळवळीत माणसं आपणहून येतात आणि ती कधी संपली हे नक्की सांगता येत नाही.

कॅम्पेनचा हंगामीपणा निवडणुकीच्या धंद्यात मात्र विरघळत चालला. १९७६मध्ये जिमी कार्टर निवडून आल्यावर त्यांचे मतचाचणीतज्ज्ञ पॅट कॅडेल यांनी त्यांना लिहून दिलं, की लोकांचा पाठिंबा टिकवून राज्य करायचं तर प्रचार थांबवता येणार नाही. १९८०मध्ये सिडनी ब्लुमेंथल यांनी ‘द पर्मनंट कॅम्पेन’ या नावाचं पुस्तकच लिहिलं. कायमचं कॅम्पेन म्हणजे बारमाही गळीत हंगाम. मार्लबरोच्या घोड्यांना विचारलं असतं तर त्यांनी मान हलवली असती.

हंगाम पाळणारी कॅम्पेनंही आहेत. भारतात पल्स पोलिओची पहिली फेरी ९ डिसेंबर १९९५ला झाली, दुसरी २० जानेवारी १९९६ला. हे दिवस उगाच निवडलेले नव्हते. पोलिओचा विषाणू पावसाळ्यात जोमात असतो आणि हिवाळ्यात मंदावतो. शत्रू दुबळा असताना गाठायचा. कौटिल्याला हे पटलं असतं. दरवर्षी पुन्हा पुन्हा त्या फेऱ्या झाल्या आणि २७ मार्च २०१४ला भारताला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं.

सगळ्यांत जुना अर्थ मात्र अजूनही दसऱ्यानंतर आपल्या रस्त्यांवरून जाताना दिसतो. बीडकडची माणसं मुकादमाकडून उचल घेऊन, नवरा-बायको मिळून एक कोयता, अशी पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. कारखान्याच्या आसपास कोप्या पडतात, बॉयलर पेटतो आणि पाच-सहा महिने पहाटेपासून रात्रीपर्यंत ऊस तुटत राहतो. मग उन्हं चढतात, फड रिकामे होतात आणि एक दिवस कारखान्याचा ‘पट्टा पडतो’. कोप्या मोडतात. ताडपत्री, भांडी, कोंबड्या, पोरं ट्रॉलीवर चढतात आणि ट्रॅक्टर बालाघाटाकडे तोंड करतात, मृगाच्या आत घर गाठायला.